पर्जन्यनोंदींची पाठचिकित्सा

भारतीय हवामानाचा अंकबद्ध इतिहास प्रशासकीय निकडीतून घडला. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये हवामान खाते स्थापन झाले. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ३०६ केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची पर्जन्यमालिका सिद्ध केली. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले; १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला.

मात्र सरासरी हा संपादित पाठ होय; त्यात एकेका स्थळाचा पाठभेद लोपतो. मोसमी पावसाची राष्ट्रीय मालिका घट दाखवीत असली, तरी बंगळूरमध्ये २०२२ साली वार्षिक पावसाचा पूर्वीचा उच्चांक मोडला. तेथे २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर पोहोचला होता. १९४९ मध्ये पायाभरणी झालेल्या राजाजीनगरासारख्या वसाहतींनी शहर विस्तारत गेले. त्यामुळे शहराच्या तापमालिकेत जागतिक तापवाढीबरोबर नगरविस्ताराचाही थर मिसळतो. हस्तलिखितातील प्रक्षेप ओळखावेत, तसे हे थर वेगळे ओळखावे लागतात. अन्यथा देशाच्या घटत्या आकड्यामागे पाण्याखाली गेलेली वस्ती दिसतच नाही.