माउस, स्पर्श आणि स्टायलस : इनपुट हाताळणीची तत्त्वे

१. प्रश्नाचे स्वरूप

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ या प्रणालीत लाइट पेनने थेट पडद्यावर रेषा काढून दाखवल्या. १९६४ साली डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये माउसचा पहिला नमुना तयार केला. पेन आधी आले, तरी खिडक्या, मेन्यू आणि बटणे यांचे जग माउसच्याच सोयीने घडत गेले. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा वेबवरची पाने माउस गृहीत धरून लिहिलेली होती. त्यामुळे ब्राउझर स्पर्शाचे रूपांतर माउसच्या क्लिकमध्ये करून देऊ लागला. दोनदा टॅप केले की पान मोठे होत असे. म्हणून पहिल्या टॅपनंतर दुसरा येतो का, हे पाहण्यासाठी ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबे. प्रत्येक बटण त्यामुळे जड वाटू लागले.

तिन्ही साधनांचे इव्हेंट एकाच प्रवाहात आणता येतात आणि आणावेतही. पण या साधनांमधला मूळ फरक अवस्थांचा आहे. तो फरक पुसून टाकणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कुठे ना कुठे अडवतोच. हे का घडते आणि कसे टाळावे, ते क्रमाने पाहू.

२. तीन अवस्था

बिल बक्स्टन यांनी १९९० साली इनपुटचे तीन अवस्थांचे प्रारूप मांडले. शून्य अवस्थेत साधन यंत्राच्या टप्प्याबाहेर असते. पहिल्या अवस्थेत त्याची जागा यंत्राला कळते, पण कृती सुरू झालेली नसते. दुसऱ्या अवस्थेत बटण दाबलेले किंवा टोक टेकलेले असते आणि ओढणे चालू असते.

माउस पहिल्या आणि दुसऱ्या अवस्थेत फिरतो; हात काढून घेतला तरी कर्सर जागेवर राहतो. बोट शून्यातून थेट दुसऱ्या अवस्थेत जाते. चांगल्या स्टायलसला तिन्ही अवस्था असतात. वॅकॉमच्या बऱ्याच पेनांना बॅटरी नसते. टॅब्लेटच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून त्यांना ऊर्जा मिळते आणि टोक पृष्ठभागाच्या थोडे वर असतानाही त्याची जागा कळते. रबरी टोकाचे साधे पेन मात्र यंत्राच्या लेखी बोटच असते.

यातून पहिला नियम निघतो. कर्सर नुसता वर नेला की उघडणारा मेन्यू पहिल्या अवस्थेवर उभा असतो आणि बोटाला ती अवस्थाच नाही. म्हणून हॉवरवर फक्त जादा सोय ठेवावी. आवश्यक कृतीचा एकमेव रस्ता तिथून जाता कामा नये.

३. अचूकपणा आणि दाब

माउसचा कर्सर एका पिक्सेलवर ठरतो. बोट मात्र पसरट ठसा उमटवते, प्रणाली त्यावरून एक बिंदू ठरवते आणि लक्ष्य त्याच बोटाखाली झाकले जाते. म्हणूनच अॅपल ४४ पॉइंट, तर अँड्रॉइड ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, इतके स्पर्शक्षेत्र सुचवते. चिन्ह लहान काढले तरी त्याभोवतीचे स्पर्शक्षेत्र मोठे ठेवता येते.

टेकलेले बोट पूर्ण स्थिरही नसते. ठरावीक अंतर ओलांडेपर्यंत हालचालीला ड्रॅग मानू नये. अँड्रॉइडमध्ये हे अंतर सर्वसाधारणपणे ८ डीपी असते. चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये मात्र हाच उंबरठा ठेवला तर पेनने काढलेली बारीक रेघ सुरुवातीलाच खाल्ली जाते. त्यामुळे उंबरठा साधनानुसार आणि कामानुसार ठरवावा लागतो.

दाबाचेही तसेच. वेबच्या पॉइंटर इव्हेंट्समध्ये दाब ० ते १ या मापात मिळतो. दाब मोजता न येणाऱ्या साधनासाठी, बटण दाबलेले किंवा बोट टेकलेले असताना, ०.५ हे मूल्य ठरवून दिले आहे. ब्रशची जाडी सरसकट दाबाने गुणली, तर माउसची प्रत्येक रेघ निम्म्या जाडीची उमटते. ०.५ हा आकडा तिथे मोजमाप नसून भरलेली रिकामी जागा आहे, हे कोडला माहीत असायला हवे.

४. ओळख आणि ताबा

माउसच्या काळात ‘बटण दाबलेले आहे’ असा एकच व्हेरिएबल पुरत असे. दोन बोटे टेकली की तो तुटतो. दोघांचे बिंदू एकाच रेषेत मिसळतात आणि पडद्यावर आडव्यातिडव्या उड्या दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पॉइंटरला येणाऱ्या क्रमांकानुसार चालू पॉइंटरांचा तक्ता ठेवणे. टेकताच नोंद करावी, हालचालीत ती बदलावी आणि संपताच काढून टाकावी.

दुसरा प्रश्न ताब्याचा. स्लायडर ओढता ओढता माउस त्याच्या चौकटीबाहेर जाऊन तिथे बटण सुटले, तर सुटल्याची बातमी स्लायडरला मिळत नाही आणि तो कर्सरला चिकटून राहतो. दाबताच पॉइंटरचा ताबा घेतला की पुढचे सगळे इव्हेंट त्याच घटकाकडे येतात. वेबवर स्पर्शासाठी हा ताबा आपोआप मिळतो, माउससाठी तो मागावा लागतो. फक्त फोनवर तपासलेला स्लायडर डेस्कटॉपवर अडकतो तो यामुळेच.

५. रद्द होणे

सर्वाधिक दुर्लक्षित इव्हेंट रद्द होण्याचा आहे. वेबपानावरच्या कॅनव्हासवर बोटाने रेघ ओढली की ती काही मिलिमीटरवर तुटते, हा अनुभव अनेक प्रोग्रॅमरांना येतो. कारण सरळ आहे : ब्राउझर त्या हालचालीला स्क्रोल समजतो, पॉइंटर स्वतःकडे घेतो आणि कॅनव्हासला पॉइंटरकॅन्सल पाठवतो. त्या घटकावर सीएसएसमध्ये टच-अॅक्शन ‘नन’ असे आधीच लिहिले, तर ब्राउझर हात घालत नाही.

टॅब्लेटवर लिहितानाचे उदाहरण अधिक बोलके आहे. लिहिणाऱ्याचा तळहात आधी काचेवर टेकतो. प्रोग्रॅमला तो स्पर्श वाटतो आणि तो डाग काढायला लागतो. मग पेन टप्प्यात येते, हा तळहात आहे असे प्रणाली ठरवते आणि आधीचा स्पर्श रद्द करते. तोवर उमटलेला डाग पुसणे प्रोग्रॅमचे काम असते. अँड्रॉइड १३ पासून अनेक स्पर्शांपैकी एकच असा रद्द झाला, तर ‘बोट उचलले’ या इव्हेंटवरच रद्द झाल्याची खूण येते. ती न वाचणारा प्रोग्रॅम डाग कायम करतो. तेव्हा प्रत्येक कृती सुटण्याच्या इव्हेंटपर्यंत तात्पुरती मानावी आणि मागे घेता येईल अशी लिहावी. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांचाही रोख असाच आहे : चुकून दाबलेल्या बटणावरून बोट सरकवून सुटका करून घेता आली पाहिजे.

६. बिंदूंपासून अर्थाकडे

६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. २०१५ च्या आयपॅड प्रोवर अॅपल पेन्सिलची जागा सेकंदाला २४० वेळा वाचली जाई, म्हणजे एका फ्रेममागे चार बिंदू. ब्राउझर आणि अँड्रॉइड असे बिंदू एका इव्हेंटमध्ये गुंडाळून देतात. फक्त शेवटचा बिंदू घेतला तर जलद काढलेली वेलांटी कोनाकोनांची होते. आत गुंडाळलेले बिंदू मागून घेतले तर ती गोल राहते.

देवनागरी लेखनात पुढचा थरही स्पष्ट दिसतो. ‘क’ लिहिताना पेन अनेकदा उचलले जाते आणि शिरोरेषा बहुधा शब्द संपल्यावर ओढली जाते. म्हणून पेन उचलणे हा रेघेचा शेवट असतो, अक्षराचा नव्हे. पेन हवेत जवळच असेल तर लेखन चालू असल्याचा अंदाज बांधता येतो. बोटाच्या बाबतीत ठरावीक काळ वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे थर वेगळे ठेवावेत : तळाशी पॉइंटर, त्यावर रेघ किंवा खूण, आणि सर्वांत वर आज्ञा. साधनाची जात खालच्या थरांनी सांभाळावी. ‘पुसा’ किंवा ‘हलवा’ ही आज्ञा कोणत्या साधनाने दिली, हे वरच्या थराला कळण्याचे कारण नाही.

७. निष्कर्ष

विंडोज ८ ने २०१२ साली तिन्ही साधनांसाठी एकच पॉइंटर संदेश आणले, डब्ल्यू३सीचे पॉइंटर इव्हेंट्स २०१५ मध्ये शिफारस म्हणून मान्य झाले आणि २०१९ मध्ये सफारीनेही ते स्वीकारले. सामाईक प्रवाह आज सर्वत्र उपलब्ध आहे. तरीही ‘हे टच उपकरण आहे का?’ असा प्रश्न प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच विचारून पुढचे सगळे त्यावर ठरवण्याची सवय टिकून आहे. टचस्क्रीन लॅपटॉपवर माणूस बोटाने पान सरकवतो, माउसने मजकूर निवडतो आणि पेनने सही करतो, तेही एकाच कामात. म्हणून हा प्रश्न प्रत्येक इव्हेंटला विचारावा, आणि चाचणी घेताना तिन्ही साधनांनी कृती पूर्ण करून पाहण्याबरोबरच ती मध्येच तोडूनही पाहावी.