तुम्ही तेव्हा कुठं होता? परभणीचे दोन शुक्रवार

श्रोतेहो, गांधीजींची हत्या झाली किंवा इंदिरा गांधी गेल्या, तेव्हा तुम्ही कुठं होता, असं विचारलं की माणसं लगेच सांगू लागतात. बातमी कुणी आणली, हातात काय काम होतं, सगळं आठवतं. आता परभणीतल्या एखाद्या नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना विचारा, १५ ऑगस्ट १९४७ ला तुम्ही कुठं होता? खरं उत्तर एकच: निजामाच्या राज्यात.

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. दिल्लीत तिरंगा चढला, त्याच दिवशी हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या दहशतीचे. कित्येक कुटुंबं घरदार सोडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती जाहीर केली. आपलं स्वातंत्र्य आलं ते तेव्हा.

पण आठवणीत हे दोन दिवस मिसळतात. दोन्ही दिवशी झेंडावंदन होतं, आणि वारही एकच, शुक्रवार! दोहोंत बरोबर ५७ आठवड्यांचं अंतर आहे. मग आजोबा नेमकं कोणत्या दिवसाचं सांगतात, हे ओळखायचं कसं?

तारीख विचारू नका, सण विचारा. १५ ऑगस्ट १९४७ ला अधिक श्रावण संपत आला होता. म्हणजे जावई धोंडे खायला आले होते, असं कुणी म्हणालं तर ती १९४७ ची आठवण. १७ सप्टेंबर १९४८ आला तो अनंत चतुर्दशीच्या सुमारास. गणपती उठायचे होते की उठले होते, एवढं कळलं तरी साल सापडतं. आपल्याकडे खेड्यातली माणसं इंग्रजी तारखेनं जगतच नव्हती. त्यांचं कॅलेंडर पेरणी, सण आणि बाजाराचा वार यांवर चालायचं.

आणखी एक गोष्ट आपण टाळतो, ती टाळू नये. हाच प्रश्न शेजारच्या मुसलमान घरातही विचारायला हवा. पोलीस कारवाईनंतर संस्थानात मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीनं केली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार बळींचा होता, आणि तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आला नाही. एका घरात त्या आठवड्यात सुटकेचा श्वास सोडला गेला, तर दुसऱ्या घरात दाराला आतून कडी होती. गल्ली तीच, दिवस तेच. रझाकारांनी जाळलेल्या घरांबद्दल बोलताना या घरांबद्दल गप्प राहिलो, तर तो इतिहास अर्धाच.

त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. तेव्हा, मंडळी, आज घरी गेल्यावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि आजीशेजारी बसा. पहिला प्रश्न एवढाच ठेवा: आजी, तेव्हा कुठला सण होता गं?