‘आवाज गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

आमचे आजोबा कोपरगावच्या एका भजनी मंडळात गायचे. एका पावसाळ्यात आवाज बसला, तो चार महिने सुटलाच नाही. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. पाणी पिताना ठसका लागायचा, त्याकडे कुणाचं लक्ष नाही. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर डावा स्वरतंतू हलतच नव्हता. मूळ दुखणं निघालं छातीत.

संशोधनाला बसाल तेव्हा जुन्या चरित्रांत ‘आवाज गेला’ हे शब्द हमखास भेटतील. अल्लादिया खाँसाहेबांचंच घ्या. तरुणपणी आमलेटा दरबारी अतोनात गाऊन त्यांचा आवाज गेला. पुढे परतला, पण पूर्वीचा नाही. त्या बदललेल्या आवाजातून जयपूर-अत्रौली गायकी घडली, असं सांगतात. इथे ‘स्वरतंतूंचा लकवा’ लिहून टाकायचा मोह होतो. मलाही झाला होता! पण अतिगाण्याने सूज येते, गाठी येतात. तंतू हलायचा थांबला होता का, हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही.

आत पाहायची युक्ती काढली तीही एका गानशिक्षकाने. मॅन्युएल गार्सियाने 1854 मध्ये दाताच्या डॉक्टरचा आरसा आणि ऊन वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. 1855 मध्ये, म्हणजे खाँसाहेबांच्या जन्मवर्षीच, लंडनच्या रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला.

आता छातीचं कोडं. डाव्या तंतूची नस मानेतून थेट स्वरयंत्रात जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालून परत वर येते. वाटेत गाठ किंवा फुगलेलं हृदय भेटलं की दबते. हृदयाच्या झडपेच्या आजारात आवाज बसतो, हे व्हिएन्नाच्या ऑर्टनरने 1897 मध्ये नोंदवलं. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतही हीच नस दुखावते.

उपचाराची सुरुवात जरा धाडसीच होती: 1911 मध्ये ब्रुनिंग्सने लुळ्या तंतूत पॅराफिन टोचलं, म्हणजे तो मध्ये सरकून दुसऱ्याला भिडेल. पुढे पॅराफिनच्या गाठी होऊ लागल्या, ते मागे पडलं. 1974 मध्ये जपानच्या इशिकींनी बाहेरून कूर्चेत खिडकी करून तंतू आत ढकलायची शस्त्रक्रिया मांडली. आजही नस सावरते का याची काही महिने वाट पाहतात, सोबत वाचा-उपचार देतात. दोन्ही तंतू मध्येच अडकले तर मात्र थांबून चालत नाही, श्वासच कोंडतो.

म्हणून चरित्र वाचताना आवाजाच्या ओळीवर थांबू नका. ठसका, धाप, मानेवरची शस्त्रक्रिया, क्षय, असं काही आसपासच्या पानांत आलंय का ते शोधा. काहीच नसेल तर टिपणात ‘आवाज गेला’ एवढंच ठेवा.