रिसर्च डेटा कसा सांभाळायचा? पेण-रोह्याच्या फील्डवर्कमधून समजून घेऊया

एमएस्सीचा प्रोजेक्ट असो, एमएसडब्ल्यूचं डेझर्टेशन असो की पीएचडीचं पहिलं वर्ष, हल्ली फील्डवर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उपकरण म्हणजे आपला फोन. फोटो त्यात, लोकेशन त्यात, मुलाखतींचं रेकॉर्डिंग त्यात आणि गाइडला पाठवलेली एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर. हे सगळं मिळून झाला तुमचा रिसर्च डेटा.

हा डेटा हरवतो म्हणजे दरवेळी फोन पाण्यात पडतो असं नाही. बऱ्याचदा फाइल जागेवर असते, उघडते, आकडेही दिसतात. पण ते कुठले, कधीचे, कशाने मोजलेले हे कोणालाच सांगता येत नाही. असा डेटा असून नसल्यासारखा.

नुसता आकडा का पुरत नाही?

समजा, तुम्ही रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या पाण्याचे नमुने घेताय. शेजारी धाटावची एमआयडीसी, केमिकल कंपन्या, त्यामुळे पाणी तपासावंसं वाटणं साहजिक आहे. शीटमध्ये नोंद केली: ‘कुंडलिका, १२ मे, विरघळलेला ऑक्सिजन ५.८’. झालं काम, असं वाटतं.

पण भिऱ्याच्या केंद्रात वीज तयार झाल्यावर सोडलेलं पाणी याच नदीत येतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. आणि रोह्याच्या खाली गेलं की खाडी, म्हणजे भरती-ओहोटी. एकाच जागी सकाळी आणि दुपारी घेतलेले नमुने वेगळे येऊ शकतात, आणि त्या फरकाचा कंपन्यांशी काहीही संबंध नसू शकतो. वेळ लिहिली नसेल तर हे नंतर सोडवता येत नाही, कारण ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. एखाद्या कंपनीकडे बोट दाखवायचं असो किंवा तिचा दोष नाही असं म्हणायचं असो, दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येणार: नमुना किती वाजता घेतला?

पेणच्या खारजमिनीत हाच घोटाळा युनिटचा होतो. मातीची क्षारता मोजणारा मीटर कधी मिलिसीमेन्स दाखवतो, कधी मायक्रोसीमेन्स. दोन्हीत हजारपटीचा फरक. म्हणून युनिट कॉलमच्या नावातच लिहा. पाऊस पडून किती दिवस झाले, बांध फुटून खारं पाणी आत आलं होतं का, मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, हेही लिहा. डेटाबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. शीटच्या शेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवली तरी पुरे. ती त्याच संध्याकाळी लिहायची. महिन्याभराने लिहिलेली नोंद निम्मी अंदाजाची असते.

मेटाडेटाचं मराठीतलं सुंदर उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या टीमने महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखभर ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस उभा केला आणि २०१७ पासून ‘परी’ या वेबसाइटवर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. नुसत्या ओव्या जमवल्या असत्या तर तो एक मोठा ढीग झाला असता. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका जोडलेला आहे, म्हणून तिथे आज शोध घेता येतो.

एक्सेलचा आगाऊपणा

एक्सेल आपल्याला न विचारता गोष्टी बदलतं. नमुन्याचा नंबर ‘३-५’ टाकला की त्याची तारीख होते. ५/७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. हा त्रास जगभर एवढा होता की ‘मार्च१’सारख्या नावांच्या जीन्सची नावंच २०२० मध्ये अधिकृतपणे बदलावी लागली. एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं! आपण एवढं करू शकतो: कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा आणि तारीख २०२५-०५-१२ अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची. फाइलच्या नावातही हाच क्रम ठेवा, फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ हा प्रकार बंद.

मूळ शीट मात्र कधीच एडिट करायची नाही. ती ‘रॉ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून रीड-ओन्ली करा आणि सगळी आकडेमोड कॉपीवर करा.

मराठीत मुलाखती टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या फोनवर नुसती अक्षरांची खिचडी दिसतो. सीएसव्ही सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीची तीच गत होते.

फोन आणि बॅकअप

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातलं लोकेशन निघून जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते. डोंगरातल्या वाड्यांवर रेंज नसेल तर ओडीके कलेक्ट किंवा कोबोटूलबॉक्स वापरा. फॉर्म ऑफलाइन भरता येतो, वेळ आणि जीपीएस त्यातच नोंदवता येतं, आणि नेट आलं की तो अपलोड होतो. वही नेत असाल तर कोकणातल्या पावसात पेणला पेन नको, पेन्सिल न्या. शाई पसरते. आणि पानांचा फोटो त्याच दिवशी काढा.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. ड्राइव्हवरून फोनमध्ये फाइल डिलीट केली की ती लॅपटॉपवरूनही जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग संपलं. जुना नियम आहे ३-२-१ चा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. लॅपटॉप, पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क आणि क्लाउड एवढ्यात हे बसतं. गूगलचे फुकटचे १५ जीबी फोटो, मेल आणि ड्राइव्ह सगळ्यांत मिळून असतात, त्यामुळे आधी जागा किती उरली आहे ते बघा.

माणसांची माहिती

कातकरी वाडीवर वीटभट्टीच्या उचलीबद्दल विचारलं, कोणी किती उचल घेतली ते सांगितलं. ही शीट चुकीच्या हातात पडली तर त्रास त्या कुटुंबाला होईल, तुम्हाला नाही. म्हणून नावाच्या जागी कोड टाका, आणि कोणता कोड कोणाचा ही यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवा. ती क्लासच्या ग्रुपवर टाकायची नाही. नाव काढलं म्हणजे सुटलो असंही नाही. ‘हमरापूर, गणपतीचा कारखाना, मालकाचं वय ६२, कामगार तीन’ एवढ्यावरून गावातलं कोणीही माणूस ओळखेल. तिथे वय ‘६० च्या वर’ आणि गावाऐवजी ‘पेण तालुका’ लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही सवलत आहे, पण समोरच्याची परवानगी न घेण्याचं निमित्त म्हणून ती वापरू नये.

ओव्यांच्या संग्रहात नावं उघड आहेत, मग इथे का नकोत? कारण ओवी हे त्या बाईचं श्रेय आहे आणि उचल ही तिची अडचण. कोणती माहिती कोणत्या बाजूची, हे तिलाच विचारायचं.

डिग्रीनंतर काय?

पीएचडीचे प्रबंध यूजीसीच्या नियमांमुळे ‘शोधगंगा’वर जातात. पण तिथे जाते ती पीडीएफ. तुमची मूळ शीट नाही. २०१४ मध्ये टिमोथी वाइन्स आणि सहकाऱ्यांनी ५१६ शोधनिबंधांचा मूळ डेटा लेखकांकडे मागून पाहिला. निबंध जितका जुना, तितका डेटा मिळण्याचा संभव दर वर्षाला १७ टक्क्यांनी घटत गेला होता. कारणं अगदी घरगुती: ईमेल बंद, फाइल जुन्या डिस्कवर. कुंडलिकेचे आजचे आकडे दहा वर्षांनी तुलनेसाठी कोणाला हवे असतील, तर ते तोवर टिकायला हवेत ना?

त्यासाठी सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेलं ‘झेनोडो’ आहे. एका डेटासेटला ५० जीबीपर्यंत जागा फुकट मिळते आणि त्याला डीओआय हा कायमचा नंबर मिळतो, जो तुम्ही सीव्हीतही देऊ शकता. पेपर येईपर्यंत फाइल बंद ठेवायची सोयही आहे. गाइडशी आधी बोलून घ्या, आणि खातं उघडताना कॉलेजचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या. डिग्री झाली की कॉलेजचं खातं कधीही बंद होऊ शकतं.