रतनपूरचे पांढरे निशाण

रायपूरच्या क्वार्टरमध्ये मुलगा परवा ‘एम्पायर: टोटल वॉर’ खेळत होता. 2009 चा गेम. 1700 सालापासून मराठ्यांच्या बाजूने लढता येते. त्याच्या पलटणीचा धीर सुटला, ती पळाली आणि तिचे निशाण पांढरे झाले. हे मात्र खरे, मी म्हणालो. फौजा बऱ्याचदा मरून नाही, मोडून हरतात.

मग त्याला बिलासपूरजवळच्या रतनपूरची गोष्ट सांगितली. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर तिथे चालून आले. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह मुलाच्या मृत्यूने खचलेला. त्याने ना वाट अडवली, ना फौज जमवली. तोफांनी वाड्याचा भाग कोसळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून पांढरे निशाण दाखवले. छत्तीसगडात भोसल्यांचा शिरकाव झाला तो असा. आम्ही शत्रूचे बळ, तोफा, वाटा सगळे मांडतो. राजा शोकात आहे, याला रकाना नसतो.

हेच भास्करपंत 1744 मध्ये बंगालात अलिवर्दीखानाच्या तंबूत बोलणी करायला गेले आणि दग्याने मारले गेले.

मुलाने गेम थांबवला होता. म्हणाला, “बाबा, मग यात खेळायचं काय?”