पार्लर म्हटलं की जुगारच का?

'व्हिडिओ गेम पार्लरवर छापा' अशी बातमी आली की आपण पुढचं न वाचताच समजून घेतो, आत जुगार चालू असणार. खेळाचं नाव जुगारानं पळवलं आणि बदनामी मात्र खेळाच्या वाट्याला आली. म्हणून आज जरा बंदुकीच्या खेळाचा इतिहास सांगतो.

आपल्याकडं हा खेळ यात्रेतून आला. माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या नाहीतर लातूरची सिद्धेश्वराची. फळीवर ओळीनं लावलेले फुगे आणि छऱ्र्याची बंदूक नाही, अशी यात्राच नाही. तिकडं अमेरिकेत १९३६ साली सीबर्ग कंपनीनं छऱ्र्याऐवजी प्रकाश वापरला. बंदुकीतून उजेडाचा झोत निघायचा आणि बदकावर बसवलेल्या प्रकाशनळीला तो लागला की नेम बरोबर.

टीव्हीवरच्या खेळात हे सगळं उलटं झालं. १९८४ साली निन्टेन्डोचा 'डक हंट' आला. त्यातली बंदूक काहीच सोडत नाही, उलट पडद्यावरचा उजेड टिपते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो बंदुकीच्या डोळ्याला दिसला की बदक पडतं. नव्वदीत आपल्या घराघरात कॅसेटवाला टीव्ही गेम आला, त्यासोबतची प्लॅस्टिकची बंदूक याच तत्त्वावर चालायची. पुढं डबा टीव्ही गेले, एलसीडी आले. त्यांच्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळं बंदुकीचा हिशोबच चुकतो. घरोघरच्या बंदुका माळ्यावर गेल्या त्या कायमच्याच. हा खेळ टिकला तो मोठ्या मशीनवर.

या मशीनवर दोघांनी मिळून खेळता येतं. १९८७ चा 'ऑपरेशन वुल्फ' एकट्याचा होता, पुढच्याच वर्षी आलेल्या 'ऑपरेशन थंडरबोल्ट'ला दोन बंदुका होत्या. १९९७ च्या 'टाइम क्रायसिस २' मध्ये तर दोघांना वेगळे पडदे, वेगळे पेडल. पेडल दाबलं की तुम्ही आडोशाबाहेर, सोडलं की आडोशाला आणि गोळ्याही परत भरलेल्या. एकजण लपला की दुसऱ्यानं सांभाळायचं. यात जोडीदाराला हरवायचं नसतं, त्याला वाचवायचं असतं.

माझा भाचा लातूरला बारावीत आहे. क्लास, टेस्ट, रूम, मेस, एवढंच त्याचं जग. फोनवर 'हो मामा', 'बरंय मामा' याच्या पुढं जात नाही. दिवाळीत नांदेडला आला तेव्हा गेम झोनमध्ये घेऊन गेलो. पाच मिनिटांत पोरगं ओरडायला लागलं, "मामा, लपा! डावीकडचा माझा!" वर्षभरात मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

आता कायद्याचं बघा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही. नेम धरणं हे कौशल्य, आकडा लागणं हे नशीब. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना नियम घालायचे अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमातल्या कलम ३३ नं पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिलेलेच आहेत. म्हणजे फरक करायची सोय कायद्यात आहे. जिथं पैसे लावले जातात तिथं खुशाल छापे घाला, कोण नको म्हणतंय? पण 'लातूर पॅटर्न'चा अभिमान सांगणाऱ्या शहरानं, गावोगावहून आलेल्या लेकरांना संध्याकाळी तासभर मिळून खेळायला जागा कुठं ठेवली, हेही कुणीतरी विचारायला पाहिजे.

आपण जागा दिली नाही म्हणून पोरांचं खेळणं काही थांबलं नाही. ते मोबाईलवर गेलं, रूमचं दार लावून, एकट्यानं. आणि तिथं पैसे लावायचं बटण बोटाच्या अंतरावर असतं.

तुमच्या भागात अशी जागा आहे का? असेल तर कमेंटमध्ये सांगा. नसेल तर महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येईल त्याला विचारा.