एका नटाची चार घराणी

१९५० च्या आसपासची ब्रिटिश बनावटीची एखादी स्पोर्ट्‌स मोटार दुरुस्तीला घेतली, की पहिला प्रश्न पडतो तो पान्याचा. मेट्रिक पान्यांचा पूर्ण संच हाताशी असला, तरी त्यातला एकही पाना कित्येक नटांवर नीट बसत नाही. तेरा मि.मी.चा चढत नाही. चौदाचा चढतो, पण सैल फिरून नटाचे कोपरे गोल करून टाकतो. नट कसाबसा निघाला आणि त्याच्या जागी बाजारातून नवा आणला, तर तो दोन आटे चढून अडकतो. एकाच मोटारीत तीन-चार निरनिराळ्या पद्धतींचे आटे निघू शकतात.

हा घोळ कोणा एका कारखानदाराच्या निष्काळजीपणाने झालेला नाही. त्यामागे सुमारे एकशे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे अनेक धागे कल्याणच्या पुढच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यापर्यंतही येऊन पोचतात. म्हणून ह्या पट्ट्यात उभे राहूनच तो इतिहास पाहू.

आटा म्हणजे काय?

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी बाजू पेन्सिलीवर सर्पिलासारखी चढत जाते. हाच आटा. म्हणजे स्क्रू हे गोल गुंडाळलेले उतरण आहे. आट्याची ओळख तीन गोष्टींनी पटते : बोल्टचा व्यास, लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर (कारागीर त्याला पिच म्हणतात) आणि आट्याच्या खाचेचा कोन. नट आणि बोल्ट यांच्या ह्या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच ते एकमेकांत नीट बसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा बोल्ट तुटला तर त्याच कारखान्याकडे जावे लागे. जोसेफ व्हिटवर्थ ह्या अभियंत्याने वेगवेगळ्या कार्यशाळांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि त्यांच्या सरासरीवर आधारलेली एक पद्धत १८४१ साली मांडली. कोन ५५ अंश. पाव इंची बोल्टला एका इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२. व्हिटवर्थचा भर सर्वांत उत्तम आटा शोधण्यावर नव्हता. सर्वांना थोडीशीच मुरड घालावी लागेल असा आटा त्याने सुचवला, आणि म्हणूनच तो स्वीकारला गेला.

रेल्वेने ही पद्धत दूरवर नेली. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूर मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी पळसधरीला गेले. इंजिने आणि यंत्रसामग्री ब्रिटनची, त्यामुळे ब्रिटिश पाने, ब्रिटिश मापे आणि इंचांत विचार करणारे कारागीर हीच इथल्या यंत्रकामाची पुढच्या शंभर वर्षांची परंपरा झाली.

एकाची चार कशी झाली?

व्हिटवर्थचे आटे जाड, म्हणून मजबूत. पण हादऱ्यांनी ते सैल होतात. मोटारी आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनने तोच ५५ अंशांचा कोन ठेवून बारीक आट्यांची मालिका काढली. ती बीएसएफ. हे पहिले घराणे.

घड्याळे आणि विद्युत उपकरणे यांतील बारीक स्क्रूंसाठी दुसरे घराणे होते, बीए. त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मापे चक्क मिलिमीटरमध्ये! शून्य क्रमांकाच्या स्क्रूचे पिच १ मि.मी., आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाचे पिच आधीच्याच्या ०.९ पट : १, ०.९, ०.८१, ०.७३... भूमिती श्रेढीचे इतके ठसठशीत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. ब्रिटिश मोटारींच्या विजेच्या सामानात हे स्क्रू असत.

तिसरे घराणे अमेरिकेचे. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियात ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. साठ अंश म्हणजे समभुज त्रिकोण. तो आखायला आणि तपासायला सोपा. चौथे घराणे युरोप खंडाचे : १८९८ मध्ये झुरिच येथे ठरलेले, ६० अंशांचेच, पण मिलिमीटरमध्ये मोजलेले मेट्रिक आटे.

आता एक गंमत पाहा. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे बंदुकांचा कारखाना काढला. तिथली यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. युद्ध संपल्यावर हाच कारखाना मॉरिस मोटारींसाठी इंजिने बनवू लागला आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे, म्हणून आटे मेट्रिकच राहिले. पण ब्रिटिश गिऱ्हाइकाच्या घरी पाने व्हिटवर्थचे! तेव्हा बोल्टचे अंग मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थच्या मापाचे, अशी तडजोड झाली. एमजी कंपनीच्या टीसी, टीडी ह्या प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटारींच्या १२५० घन सें.मी. इंजिनात हे संकरित बोल्ट आहेत. व्हिटवर्थ पान्यावर जबड्याचे माप नसते, बोल्टच्या व्यासाचे असते. 'पाव इंच' लिहिलेल्या पान्याचा जबडा ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मि.मी. असतो. तेराचा पाना का चढत नाही आणि चौदाचा का फिरतो, ते इथे उलगडते.

छावणी, युद्ध आणि १९४८

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका एकाच बाजूने लढले, पण त्यांचे नट एकमेकांच्या बोल्टवर बसत नव्हते. रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन अमेरिकेत बनवताना पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आटे पाडावे लागले. ह्या अनुभवातून १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी संयुक्त आट्यांचा करार केला. कोन ६० अंश, मापे इंचांत. त्यातली बारीक मालिका म्हणजे यूएनएफ. पुढच्या काळातील ब्रिटिश मोटारी हळूहळू ह्या पद्धतीकडे वळल्या. म्हणजे अमेरिकन घराण्यात ब्रिटन दत्तक गेले म्हणा ना!

त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले गेले आणि १९४९ मध्ये ह्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. भांडवल नसलेल्या माणसांनी इथे जे हाती लागेल ते बनवायला सुरुवात केली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सर्वांनी ऐकला आहे. विनोद बाजूला ठेवला, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी : कोणत्याही यांत्रिक वस्तूची नक्कल करायची तर ती आधी मोजावी लागते. शेजारी अंबरनाथला १९५३ पासून संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना चालू झाला. तिथे अचूक मापन हाच कामाचा पाया. १९६२ मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ आणि बदलापूर इथेही त्याच्या वसाहती आल्या आणि लेथवर काम करणारे छोटे कारखाने वाढले.

भारतातील चुलत भावंडे

१९५३ मध्ये भारत सरकारने ठरवले, की मोटारी ज्यांना इथेच बनवायच्या असतील त्यांनीच व्यवसायात राहावे. नुसती जोडणी चालणार नाही. मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये बंद झाली. परदेशी मोटारींची आणि त्यांच्या सुट्या भागांची आवक आटली. ज्यांच्याकडे ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार होती, त्यांनी ती चालू कशी ठेवायची?

उत्तर काही अंशी भारतीय रस्त्यांवरच होते. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने १९६१ पासून हेरल्ड गाडी बनवली. हेरल्डचाच सांगाडा आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स मोटार निघाली. दोघींची इंजिने एकाच घराण्यातली. तसेच १४८९ घन सें.मी.चे जे इंजिन १९५५ च्या एमजीए ह्या स्पोर्ट्‌स मोटारीत होते, त्याच घराण्यातले, तेवढ्याच आकारमानाचे इंजिन १९५९ पासून आपल्या अँबॅसडरमध्ये आले. २०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन थांबले, तोवर हे नाते भारतात जिवंत होते. वरून साधी दिसणारी टॅक्सी आणि श्रीमंताची दोन आसनी मोटार यांची कुंडली अशी जुळत होती.

नेमके काय पणाला लागते?

एमजीच्या इंजिनातील एका नेहमीच्या आट्याचा व्यास ८ मि.मी. आणि पिच १ मि.मी. आहे. आज दुकानात मिळणाऱ्या ८ मि.मी. बोल्टचे पिच बहुधा १.२५ मि.मी. असते, तो लगेच अडकतो, म्हणून धोका कमी. खरा धोका ५/१६ इंची यूएनएफ बोल्टचा. त्याचा व्यास ७.९४ मि.मी. आणि इंचात २४ आटे, म्हणजे पिच २५.४ ÷ २४ = १.०५८ मि.मी. पहिले दोन-तीन फेरे तो सुरळीत जातो. दर फेऱ्याला चूक ०.०५८ मि.मी.ने साचत जाते; सहा फेऱ्यांत ती ०.३५ मि.मी., म्हणजे आट्याच्या एकतृतीयांशाहून जास्त होते. घट्ट लागला की वाटते गंज असेल. मग लांब पाना लावून जोर दिला जातो आणि बिडाच्या ब्लॉकमधले सत्तर वर्षांपूर्वीचे आटे सपाट होतात. बोल्ट दहा रुपयांचा असेल. ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

आटे गेले तर पुढे काय? सोपा मार्ग म्हणजे भोक मोठे करून १० मि.मी.चे आटे पाडणे. गाडी चालू होते. पण भोकाभोवतीची भिंत पातळ होते आणि पुढच्या कारागिराला त्या जागी काय आहे हे कळायला मार्ग उरत नाही. बिडाला वेल्डिंग केले तर तडा जाण्याची भीती. तिसरा मार्ग कष्टाचा : भोकात तारेचे सर्पिल वेटोळे बसवायचे, ज्याच्या आतला आटा मूळचाच, ८ गुणिले १ राहतो. मूळ बोल्ट पुन्हा बसतो.

आणि तो बोल्टच नसला तर लेथवर बनवावा लागतो. जुन्या ब्रिटिश लेथचा मुख्य स्क्रू इंचाला ४ आट्यांचा, म्हणजे ६.३५ मि.मी. पिचचा असेल, तर त्यावर १ मि.मी. पिच पाडायला चाकांचे गुणोत्तर १ : ६.३५, म्हणजेच २० : १२७ हवे. १२७ ही मूळ संख्या आहे, तिचे अवयव पडत नाहीत. म्हणून अचूक काम हवे तर १२७ दातांचे चाकच लागते. इंच आणि मिलिमीटर यांमधला पूल त्या एका चाकावर उभा आहे.

१९५६ च्या कायद्याने भारत मेट्रिक मापांकडे वळला. १९६५ मध्ये ब्रिटनच्या मानक संस्थेनेही जुने आटे कालबाह्य ठरवले. हे योग्यच झाले. पण १९६० च्या दशकात कामाला लागलेली, इंच आणि मिलिमीटर दोन्ही हातांत खेळवणारी पिढी आता थकली आहे. तिची जाण वहीत उतरली नाही, तर तिच्याबरोबर जाईल. म्हणून जुन्या मोटारीवर काम करणाऱ्याने तीन नियम पाळावेत : जोर लावण्यापूर्वी पिच गेजने मोजा, मूळ आटा बदलू नका, बदलावाच लागला तर लिहून ठेवा. मानक म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो. व्हिटवर्थने तो १८४१ साली दिला, आणि दुरुस्ती करणारा प्रत्येकजण तो पाळतो किंवा मोडतो.

वर्गात करून पाहण्यासाठी मोटारीची गरज नाही. घरातील 'अर्ध्या इंची' नळाची तोटी आणा. तिचा बाहेरचा व्यास मोजला तर सुमारे २१ मि.मी. भरेल, कारण अर्धा इंच हे माप मुळात पाइपच्या पोकळीवरून पडलेले नाव आहे. आता आट्यांवर पट्टी धरून मोजा : एका इंचाला १४ या प्रमाणात भरतील आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा असेल. मोटारींतून गेलेला व्हिटवर्थ आपल्या न्हाणीघरात अजून मुक्कामाला आहे. दुसऱ्या हाती ८ मि.मी.चा बोल्ट द्या, त्याचे दहा आटे मोजून पिच काढायला सांगा, आणि विद्यार्थ्यांना विचारा : ह्या दोन वस्तू बनवणाऱ्यांनी कोणाला कोणता शब्द दिला होता?